"तात्या बरे आहेत" : लढाईवरच्या भावाला घरची वाईट बातमी कळवावी का?

माणदेशी_कोकरू
सोमवार, रात्री 10:12

गेल्या रविवारी मामाकडं गेलो होतो. माडीची कौलं उतरवायची होती म्हणून वरचं सामान खाली आणत होतो, त्यात मामाची काळी ट्रंक निघाली. वर पांढऱ्या रंगानं नंबर, रँक, नाव. मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होता, 71 च्या बांगलादेश युद्धात पूर्वेकडं. ट्रंकेत आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा, बुटाच्या नाडीनं बांधलेला. सगळी पत्रं माझ्या आईच्या हातची. आई तेव्हा 16 वर्षांची. सातवी झालेली, आणि घरात लिहितं-वाचतं माणूस ती एकटीच.

एक पत्र थोडं गाळून उतरवतो :

"॥ श्री ॥ ता. 8/12/71. ती. दादाचे चरणी शि. सा. न. वि. वि. इकडील सर्व खुशाल आहे. तुझी खुशाली कळवीत जावी. तात्या बरे आहेत. थोडा खोकला आहे, थंडीचा. गुरुजींच्या रेडिओवर रोज लढाईच्या बातम्या ऐकतो. ज्वारी गुडघ्याला लागली पण पाण्यावाचून पिवळी पडली आहे. शेळीला दोन पिल्ले झाली, एक पांढरे एक कबरे. मुंबईहून आत्याचे पत्र आले, तिकडे खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले आहेत म्हणे. आपल्याकडे तसले काही नाही कारण आपल्याकडे लाईटच नाही. तात्या म्हणतात काळजी करू नको..."

तात्या म्हणजे माझे आजोबा. ते 5 डिसेंबरला गेले होते. हे पत्र तिसऱ्या दिवशीचं.

अशी पाच पत्रं आहेत. पाचांतही तात्या बरे आहेत. एकात तर ते रानात गेलेत म्हणून त्यांच्या वतीनं आशीर्वाद लिहिलाय. दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आलेले एक म्हातारे हवालदार गावात होते. ते म्हणाले म्हणे, "तार करू नका, पोराच्या हातात बंदूक हाय." सगळ्यांनी ऐकलं. मामा एकुलता एक, पण अग्नी चुलतभावानं दिला. मामा मार्च 72 मध्ये रजेवर आला तेव्हा त्याला प्रत्यक्ष सांगितलं.

आई आजही म्हणते की केलं ते बरोबरच केलं. मला मात्र गठ्ठा वाचल्यापासून झोप नाही. तुम्ही असता तर कळवलं असतं का?

चहाबाज
सोमवार, रात्री 10:31

"आपल्याकडे लाईटच नाही" 😄 सोळा वर्षांची पोर, बाप जाऊन तीन दिवस झालेत, आणि भावाला हसवतेय. मला नाही जमायचं.

पुणेरी_भुंगा
सोमवार, रात्री 10:58

माझं मत सरळ आहे : चूक. बापाचं शेवटचं करणं हा मुलाचा हक्क. येता आलं नसतं हे मान्य, पण निदान तिथं त्यानं डोकं तरी भादरलं असतं, नदीवर जाऊन तीन ओंजळी पाणी तरी सोडलं असतं. त्या तीन महिन्यांत तो जेवला, हसला, कदाचित नाचलाही असेल (16 डिसेंबरला, पाकिस्ताननं शरणागती पत्करल्यावर, नाचले नसतील असं कसं म्हणू?). मागाहून कळल्यावर त्या हसण्याचं काय होत असेल त्याला?

माजी_सुभेदार
मंगळवार, सकाळी 6:05

भुंगासाहेब, 16 डिसेंबरला कोण नाचलं आणि कोण पाण्याची बाटली उशाला घेऊन जागच्या जागी झोपलं, ते तिथं असलेल्यांना विचारा. मी नव्हतो, मी 76 चा भरती. पण ज्यांच्या हाताखाली शिकलो ते होते. जमालपूरला आमची जंगी पलटण (पहिली मराठा) लढली, 10 आणि 11 डिसेंबरच्या रात्री, आणि तिथून ढाक्यापर्यंत गेली. त्या माणसांकडून ऐकलेलं सांगतो.

पहिली गोष्ट, तारेचं. तार आली की ती जवानाच्या हातात थेट पडायचीच असं नाही. आधी वरिष्ठ बघायचे, कधी आणि कसं सांगायचं ते ठरवायचे. शांततेच्या काळात "फादर सिरीयस स्टार्ट इमिजिएटली" अशा इतक्या तारा यायच्या की त्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. सुगीच्या दिवसांत तर निम्म्या पलटणीचे बाप एकदम सिरीयस. मग जिल्हा सैनिक बोर्डाकडून नाहीतर पोलिसांकडून खात्री करून घ्यायची. माझ्या एका जोडीदाराची आजी चार वर्षांत तीनदा वारली. चौथ्यांदा खरंच वारली, तेव्हा रजा मिळेना.

दुसरी गोष्ट. त्या वेळी सगळ्यांना नीट वाचता यायचं नाही. एकाचं पत्र दुसरा वाचून दाखवायचा. वाचणारा शहाणा असला तर मध्येच एखादी ओळ गाळायचा आणि पुढं जायचा. म्हणजे लपवायचं ते फक्त घरच्यांनीच लपवलं असं समजू नका.

माझं मत विचाराल तर, वाईट बातमीनं जवान मोडत नाही. पत्रच न येण्यानं मोडतो. तुमच्या आईसाहेबांनी पत्र थांबवलं नाही, हे मोठं काम केलं.

टपालखुणा
मंगळवार, सकाळी 9:40

टपाल खात्यात 34 वर्षं काढली, त्यामुळं माझा डोळा वेगळीकडं गेला. माणदेशी, पत्रांवर पत्ता 99 एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) असेल ना? 56 आणि 99 हे गावांचे नंबर नव्हेत. 56 चं टपाल दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसात जायचं, 99 चं कलकत्त्याच्या. तिथं पलटणीचं नाव बघून पिशव्या भरायच्या आणि पलटण जिथं असेल तिथं रवाना. घरच्यांना आपला माणूस नेमका कुठं आहे ते कळायचं नाही, पण पत्र पोचायचं.

आणि एक बघा. 15 नोव्हेंबर 71 पासून निर्वासितांच्या मदतीसाठी 5 पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. सुरुवातीला कुटुंब नियोजनाच्या 5 पैशांच्या तिकिटावरच त्या मदतीची अक्षरं उमटवून विकली. ते आहे का?

माणदेशी_कोकरू
मंगळवार, सकाळी 10:15

@टपालखुणा, 99 एपीओच आहे. आणि हो! आंतरदेशीयावर कोपऱ्यात आई-बाप-पोरांचं चित्र असलेलं बारकं तिकीट आहे, वर काळी अक्षरं. मला वाटलं आईनं घरात पडलेलं तिकीट उगाच चिकटवलं.

रानजाई
मंगळवार, सकाळी 11:22

मी लपवाछपवीत नापास झालेली बहीण. अक्षरशः.

1999, कारगिल. भाऊ द्रासच्या बाजूला. मी बारावीला, फिजिक्समध्ये गटांगळी. आईनं बजावलं, त्याला कळवायचं नाही, तो वर डोंगरात आहे. मी प्रत्येक पत्रात "निकाल लागायचा आहे" असं लिहीत गेले. जूनच्या शेवटी आईनं पार्सल केलं : चिवडा, शेंगदाण्याची चटणी, दोन लोकरी मोजे. डबा हलू नये म्हणून मी पेपराचे बोळे कोंबले, वरून मांजरपाट शिवलं, जांभळ्या शाईनं पत्ता घातला.

ऑगस्टमध्ये त्याचा एसटीडीवरून फोन आला. रांगेत दोन तास उभा राहून मिळालेली तीन मिनिटं. पहिलं वाक्य : "चिवडा मस्त होता. आणि काय गं, बारावीचा निकाल लागून महिना झाला असं चिवड्याच्या कागदावर छापलंय."

चहाबाज
मंगळवार, सकाळी 11:30

शत्रूला न सापडलेली गुप्त माहिती चिवड्यानं फोडली. 🙏

निवडुंग
मंगळवार, दुपारी 1:08

सगळे मामांचा विचार करताय. मला त्या मुलीबद्दल बोलायचंय.

निर्णय कुणी घेतला? हवालदार, चुलते, गावातली मोठी माणसं. आणि लेखणी कुणाच्या हातात दिली? सोळा वर्षांच्या पोरीच्या. तिचाही बापच गेला होता ना? घरात सुतक, दहावा व्हायचाय, आणि ती कोपऱ्यात बसून "तात्या बरे आहेत" लिहितेय. आमच्याकडं मयताच्या पत्रावर वर श्री घालत नाहीत, वाचून झालं की ते फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. हिनं सुतकात श्री घातला, कारण तो नसता तर भावाला कागद उघडताक्षणी कळलं असतं. तिच्या मनाला तेव्हा काय वाटलं असेल? माणदेशी, आईला हे कधी कुणी विचारलंय का? "बरोबरच केलं" असं ती म्हणते, पण ते तिला दुसरं काही म्हणायला जागाच ठेवली नाही म्हणूनही असेल.

रानजाई
मंगळवार, दुपारी 1:20

निवडुंग, हे वाचून थबकले. खरंय.

कट्ट्यावरचा
मंगळवार, दुपारी 3:47

थोडं अवांतर. मी सातारकडचा. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण कामी आले. तेव्हा मेसोपोटेमियाहून (आजच्या इराकातून) पत्र यायला किती दिवस लागत असतील, आणि इकडून गेलेलं पत्र ज्याला पोचायचं तो असेल की नसेल, याचा विचार केला की एपीओसुद्धा चैन वाटते.

त्या युद्धात फ्रान्समध्ये असलेल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर व्हायची. त्यातले उतारे इंग्रजांनी भाषांतर करून जपून ठेवले, ते आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. शिपाई तेव्हा कोड्यात लिहायचे. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरी वापरतायत, अशा अर्थाचं एक वाक्य प्रसिद्ध आहे. काळी मिरी म्हणजे आपले, लाल मिरी म्हणजे गोरे. सांगायचा मुद्दा, आघाडीवरून घरी लपवायची तऱ्हाही तेवढीच जुनी आहे. खोटं एकाच बाजूनं जात नाही.

पुणेरी_भुंगा
मंगळवार, सायंकाळी 5:15

मिरीचं कोडं हे लपवणं नाही, सांगणं आहे. सेन्सॉरपासून लपवून घरच्यांना सांगणं. उलट उदाहरण दिलंत.

कट्ट्यावरचा
मंगळवार, सायंकाळी 5:19

बरं बाबा, पुण्याचा भुंगा, चावणारच.

ओला_चिखल
मंगळवार, रात्री 8:33

आमच्या घरचं ताजं आहे. मे 2025, त्या 7 ते 10 तारखा. भाऊ जम्मूच्या बाजूला, फोन बंद. आणि नेमकी 8 तारखेला बाबांची अँजिओप्लास्टी. आम्ही ठरवलं, बोलणं झालं तर बाबा झोपलेत म्हणायचं. आई चार दिवस त्याचा "लास्ट सीन" बघत बसली होती, जपमाळेसारखा फोन हातात.

11 ला त्याचा फोन आला. "बाबांना कुठल्या वॉर्डात ठेवलंय?" आम्ही गार. भाच्यानं स्टेटसला हॉस्पिटलच्या कँटीनमधला डोसा टाकला होता, मागं पाटी दिसत होती. याचा फोन चालू झाल्या झाल्या पहिला तोच डोसा दिसला.

तेव्हा 71 ला तीन महिने लपवता आलं, आज तीन तास लपत नाही. प्रश्नच निकालात निघाला.

दूरदेशी
मंगळवार, रात्री 11:50 (इथं दुपार)

निकालात नाही निघाला. मी फौजी नाही, ओहायोत कोड लिहितो. आजी गेली तेव्हा माझी इथं परीक्षा होती, घरच्यांनी आठ दिवस लपवलं. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा आणि "आजी देवळात गेलीये". आठ दिवस देवळात! मी मूर्ख, विश्वास ठेवला. की ठेवायचाच होता म्हणून ठेवला, ते अजून कळलेलं नाही.

टपालखुणा
बुधवार, सकाळी 8:55

काल रात्रीपासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. माणदेशी, मामा घरी पैसे पाठवायचे का? आणि कुणाच्या नावे?

विचारायचं कारण असं. मनीऑर्डर ज्याच्या नावे आहे तो मयत असेल तर नियमानं ती परत पाठवणाऱ्याकडं जायची, कारण लिहून. म्हणजे मामांनी तात्यांच्या नावे पैसे पाठवले असतील, तर पोस्टानंच त्यांना कळवलं असतं. तुमच्या आईनं कितीही पत्रं लिहिली तरी ती मनीऑर्डर खरं बोलली असती.

माजी_सुभेदार
बुधवार, सकाळी 9:10

वा टपालराव. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्यात दोन प्रकार, फॅमिली अलॉटमेंट पगारातून परस्पर घरी जायची, ती वेगळी. स्वतः फील्ड पोस्टातून केलेली असेल तर पोच जवानाच्याच हातात यायची.

माणदेशी_कोकरू
बुधवार, रात्री 9:26

आज आईशी बोललो, मग मामालाही फोन लावला. जरा लांबण लागेल.

मामा स्वतः फील्ड पोस्टातून दर महिन्याला 50 रुपये पाठवायचा. तात्यांच्याच नावे. लढाई थांबल्यावर डिसेंबरच्या शेवटी केलेली मनीऑर्डर जानेवारीत गावात आली. पोस्टमन दारात आला आणि पिशवी खाली ठेवून नुसता बसून राहिला म्हणे. त्याला सगळं माहीत होतं, तात्यांच्या तिरडीला त्यानं खांदा दिला होता. परत पाठवली तर खोटं उघडं पडणार, दिली तर नोकरीवर बेतणार. शेवटी गुरुजींना बोलावलं. तात्या अंगठाबहाद्दर होते, त्यामुळं अंगठा आणि साक्ष एवढंच लागायचं. चुलत आजोबांनी अंगठा उठवला, गुरुजींनी साक्ष घातली. आई म्हणते, पैसे हातात घेताना ते 50 रुपये भाकरीच्या तव्यासारखे भाजत होते.

पोच गेली. मामाला मिळाली.

आता मामाचं. मी विचारलं, "मामा, तुला खरंच मार्चमध्ये कळलं?" बराच वेळ फोनवर नुसता टीव्हीचा आवाज. मग म्हणाला, "ट्रंकेत पत्रांच्या खाली पत्र्याची डबी हाय. बघितली न्हाईस?"

मी पाहिली नव्हती. त्यानं मामीला उघडायला लावून फोटो पाठवला. दोन पोच, एक ऑक्टोबरची, एक जानेवारीची. तात्यांचा डावा अंगठा तरुणपणी मोटेच्या नाड्यात सापडून फाटला होता. ऑक्टोबरच्या ठशात मधून तिरकी पांढरी रेघ गेलीय, बांधासारखी. जानेवारीच्या ठशात रेघ नाही. गोल, गुळगुळीत, स्वच्छ अंगठा.

मामा म्हणाला, "बापाचा अंगठा मला ठावा न्हाई व्हय? ल्हानपणी तो धरूनच जत्रंला जायचो."

"मग लिहिलं का नाहीस घरी?"

"काय ल्ह्यायचं? पोरगी एवढं सांभाळत हुती. मला कळलंय म्हटल्यावर तिचं समदं वाया गेलं असतं."

पत्रं वाचताना "तात्या बरे आहेत" आलं की तो कागद घडी घालून ठेवायचा आणि संध्याकाळी परत पहिल्यापासून वाचायचा. भुंगासाहेब, तुमच्या डोकं भादरण्याचंही विचारलं. म्हणाला, "पलटणीत दर आठवड्याला न्हावी बसायचा. कुणी कारण इचारत न्हाई."

निवडुंग
बुधवार, रात्री 9:41

😔

पुणेरी_भुंगा
बुधवार, रात्री 9:58

मी माझं वाक्य मागं घेतो. सगळं नाही, पण हसण्याबद्दलचं.

दूरदेशी
बुधवार, रात्री 10:20

म्हणजे मार्चमध्ये घरी येऊन त्यानं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं केलं? सगळ्यांसमोर?

माणदेशी_कोकरू
बुधवार, रात्री 10:34

@दूरदेशी, हो. आई सांगते, दारातच खाली बसला आणि मोठ्यानं रडला. मला वाटतं ते रडणं खरंच होतं, दोन महिने उशिरा आलेलं.

आता माझ्यापुढं दुसराच पेच. आईला हे सांगू का? ती 54 वर्षं समजतेय की तिनं निभावून नेलं.

माजी_सुभेदार
बुधवार, रात्री 10:40

नका सांगू. मामांनी एवढी वर्षं ठेवलं, तुम्ही कोण मोडणारे?

रानजाई
बुधवार, रात्री 10:52

सांगा. मला माझ्या चिवड्याच्या कागदाचं कळलं तेव्हा हलकं वाटलं होतं. (हो, कुठं फिजिक्स आणि कुठं हे. तरी.)

टपालखुणा
गुरुवार, सकाळी 8:30

सांगण्याआधी एक बघून घ्या. जानेवारीनंतरची, म्हणजे फेब्रुवारीची मनीऑर्डर कुणाच्या नावे आली? पोच पाठवणाऱ्याकडं परत जायची, पण फॉर्मचं खालचं कुपन घेणाऱ्याकडं राहायचं. जुन्या घरांत असले कागद तारेत ओवून ठेवायची पद्धत होती.

चहाबाज
गुरुवार, सकाळी 8:44

टपालराव, तुम्ही पोस्टात होता की सीआयडीत?

माणदेशी_कोकरू
रविवार, रात्री 9:15

पुन्हा गावी जाऊन आलो. कागद ओवलेली तार सापडली, देव्हाऱ्यामागच्या खुंटीला. सारा भरल्याच्या पावत्या, खताच्या पावत्या, सगळं गंजाच्या डागांनी एकमेकांना चिकटलेलं. त्यात कुपन मिळालं. फेब्रुवारी 72. नाव तात्यांचं नाही, आजीचं. रक्कम 50 नाही, 80. मजकुराच्या जागी पेन्सिलीनं एवढंच : "आईस. मी खुशाल आहे."

कुपन घेऊन आईसमोर बसलो. तिनं चष्मा लावला, बघितलं, आणि माझ्याकडं परत दिलं.

म्हणाली, "हे आलं त्या दिवशीच कळलं मला. आईच्या नावानं त्यानं कधी पैसं धाडलंच नव्हतं. वरचं तीस रुपये दिवसकार्याच्या खर्चाचं."

"मग पुढच्या पत्रात काय लिहिलंस?"

"शेळीचं लिहिलं. कबरं पिल्लू कोल्ह्यानं नेलं ते."

"आणि तात्यांचं?"

"न्हाई लिहिलं. त्यानंबी न्हाई इचारलं."

घरी येऊन गठ्ठा पुन्हा बघितला. मी पाच पत्रं म्हणालो होतो, ती तात्यांचा उल्लेख असलेली. सहावं आहे, फेब्रुवारीच्या शेवटचं. पहिल्यांदा वाचताना मी ते बाजूला ठेवलं होतं, कारण त्यात नुसतंच शेळीचं होतं.

निवडुंग
रविवार, रात्री 9:32

वर श्री आहे का त्यावर?

माणदेशी_कोकरू
रविवार, रात्री 9:36

नाही.